गाडी चालवणं सोडलेल्या ज्येष्ठांसाठी खान्देशात परवडणारा प्रवास: घरापासून दवाखान्याच्या दारापर्यंत

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. एरंडोल तालुक्यातलं गाव, हायवेच्या फाट्यापासून आत सहा किलोमीटर. घरात दोघंच ज्येष्ठ, काका ७७ आणि काकू ७१. काचबिंदूमुळे डॉक्टरांनी काकांना मोटारसायकल आणि कार दोन्ही बंद करायला सांगितलं आहे, कार घरात उभी आहे. जळगावला नियमित दवाखाना, अधूनमधून एरंडोलला बँक आणि बाजार, वर्षातून एखादी मुंबई. दर वेळी स्पेशल गाडी केली तर पेन्शन त्यातच जाते. काकांचे गुडघे दुखतात, काठी लागते, पण चालता येतं.

सवलती बऱ्याच कानावर येतात. नेमकं कुठे काय चालतं आणि घरापासून दवाखान्याच्या दारापर्यंत सगळं कसं जुळवायचं, हे जाणकारांनी नीट सांगावं. या एका घरापुरतं नको. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांच्या लोकांना उपयोगी पडेल असं लिहा.

लालपरी_१९

एसटीपासून सुरुवात करतो, कारण मोठं अंतर तिथेच स्वस्तात कापलं जातं.

७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून 'अमृत ज्येष्ठ नागरिक' योजनेत एसटी मोफत आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. महिलांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं तिकीट. म्हणजे तुमच्या काकांना शून्य आणि काकूंना अर्धं. काकूंना ज्येष्ठ म्हणून अर्धं आणि महिला म्हणून अर्धं असं मिळून मोफत होत नाही. दोन्हीपैकी एकच सवलत लागते. त्यावर कंडक्टरशी वाद घालू नये, नियमच तसा आहे.

गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टींवरून.

मोफत असलं तरी तिकीट घ्यायचंच. कंडक्टर मशीनमधून शून्य रकमेचं तिकीट देतो. ते उतरेपर्यंत खिशात ठेवा. तपासणी पथक आलं तर तेच दाखवायचं, आणि दुर्दैवाने अपघात झाला तर आपण त्या गाडीत होतो याचा पुरावाही तेच.

ओळखपत्र मूळ हवं. आधार, मतदान ओळखपत्र, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना यातलं काहीही, ज्यावर जन्मतारीख आहे. झेरॉक्सवर अडवणूक होऊ शकते. खेड्यातल्या बऱ्याच ज्येष्ठांच्या आधारवर पूर्ण तारीख नसते, फक्त जन्मवर्ष असतं, आणि ७५ पूर्ण होण्याच्या वर्षी नेमका त्यावरून खटका उडतो. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंद असेल तर आधार केंद्रावर तारीख आधीच दुरुस्त करून घ्या. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून अंदाजे तारीख टाकून मोकळं होऊ नका.

मोफत प्रवास राज्याच्या हद्दीपर्यंतच. आपल्याकडे सीमा जवळ आहे, म्हणून हे लक्षात ठेवावं लागतं. नवापूरकडून सुरत, रावेरकडून बऱ्हाणपूर, शिरपूर-पळासनेरकडून सेंधवा या मार्गांवर हद्दीपुढचं भाडं द्यावं लागतं. शहरी बससेवेलाही ही सवलत लागू नाही.

भाड्याचा अंदाज घरी बसून काढता येतो. साध्या गाडीला सहा किलोमीटरचा एक टप्पा. जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के वाढीनंतर टप्प्याला १० रुपये ५ पैसे. एरंडोल-जळगाव पाच टप्पे धरले तर पन्नासच्या आसपास, म्हणजे काकूंचे एका बाजूचे पंचवीसेक रुपये.

केळीबाग_रावेर

कामना धागा शे हाऊ! येक गोट इचारनी शे: गाडी फाट्यावर थांबतच नाही, त्याचं काय? हायवे चौपदरी झाल्यापासून लांब पल्ल्याच्या गाड्या बाहेरूनच निघून जातात.

लालपरी_१९

@केळीबाग, म्हणून गाडीत चढण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या: 'गावातून जाते की बायपासने?' आणि 'आमच्या फाट्याला थांबा आहे का?' जलद गाड्यांना ठरलेले थांबे असतात, मधल्या फाट्यावर उतरवायला त्या बांधील नाहीत. साधी गाडी घ्या. ज्येष्ठांना अर्धा तास उशीर चालतो, उड्डाणपुलाच्या तोंडाशी उतरून उन्हात एक किलोमीटर चालणं चालत नाही.

दुसरं म्हणजे मुक्कामी गाडी. ज्या गावात रात्री एसटी मुक्कामाला येते, तिथून ती पहाटे किंवा सकाळी लवकर सुटते, रिकामी असते आणि सुरुवातीच्याच थांब्यावर पुढची जागा मिळते. सकाळची ओपीडी गाठायला यापेक्षा सोयीची गाडी नाही. आपल्या गावाला मुक्कामी येत नसेल तर शेजारच्या कोणत्या गावाला येते ते बघा, दोन किलोमीटर उलटं जावं लागलं तरी फायद्याचं ठरतं. शाळा-कॉलेजच्या वेळची गाडी टाळा. पासवाल्या पोरांनी ती दारापर्यंत भरलेली असते. आठवडे बाजाराच्या दिवशी दवाखान्याची तारीख घेऊ नका.

हिशेबनीस

सगळे एसटीच्या सवलतीवर बोलतात, पण पैसे एसटीत जातच नाहीत. ते जातात घर ते स्टँड आणि स्टँड ते दवाखाना या दोन तुकड्यांत. गिरणाकाठ यांचंच उदाहरण घेऊ. रिक्षाचे दर मी समजा म्हणून धरतो, तुमच्याकडचे घालून बघा.

गाव ते एरंडोल स्पेशल रिक्षा, समजा १५० एका बाजूने. जळगावात स्टँड ते दवाखाना, समजा ६०. जाऊन-येऊन झाले ४२०. एसटीचे काकूंचे ५०, काकांचे शून्य. एकूण ४७०, त्यातले ४२० नुसते रिक्षाचे. म्हणजे बचत शोधायची असेल तर या ४२० मध्ये शोधा.

गाव ते स्टँड या तुकड्यात तीन मार्ग. पहिला, सीटवर जाणारी रिक्षा किंवा काळी-पिवळी. ती भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून तिच्या भरवशावर ठरलेली बस धरायला जाऊ नका. बाजाराला, बँकेला ठीक. दुसरा, दूध संकलनाची, भाजीपाल्याची किंवा शाळेची गाडी. मालवाहू टेम्पोत माणसं बसवणं बेकायदा आहे आणि अपघातात विम्याचे हाल होतात. तो मार्ग सोडूनच द्या. तिसरा, दोन-तीन घरांनी मिळून एक रिक्षा. मला यात सगळ्यात जास्त दम वाटतो. एकाच आळीत रक्तदाब-शुगरचे तीन रुग्ण असतात आणि तिघं तीन वेगळ्या दिवशी तीन रिक्षा करून जातात. पुढची तारीख देताना डॉक्टरांना किंवा सिस्टरना सांगितलं की 'आम्ही एकाच गावचे तिघं आहोत, एकच वार द्या', तर बहुतेक ठिकाणी देतात. १५० चे प्रत्येकी ५० होतात. नवरा-बायकोची तपासणीही एकाच दिवशी घ्या. सरकारी दवाखान्यात हाडांची, डोळ्यांची, छातीची ओपीडी ठरलेल्या वारी असते. ते वार एका कागदावर लिहून घरात लावा.

एरंडोल_स्टँड

हिशेबनीस यांचं बरोबर आहे, पण रिक्षा ठरवताना महिन्याचा गुत्ता करू नका. महिन्याचे पैसे आधी दिले की लग्नसराईत किंवा शाळेच्या वेळी तुमची फेरी मागे पडते. फेरीवर पैसे द्या, मात्र वार आणि वेळ महिनाभराची आधी सांगून ठेवा.

रिक्षावाल्याचा दिवस समजून घेतला तर दर आपोआप उतरतो. सकाळी सात-साडेसात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच या वेळा शाळेच्या मुलांच्या. त्या वेळी ज्येष्ठांना मागितलेली रिक्षा महागच पडणार आणि घाईही होणार. साडेआठ ते अकरा आणि दीड ते चार या वेळात रिक्षा उभी असते. त्या वेळेची फेरी मागितली की घासाघीस फार करावी लागत नाही.

ठरवताना या गोष्टी तोंडी स्पष्ट करा. दर माणशी की गाडीचा. थांबून राहायचं असेल तर तासाचे किती. परत येताना गाडी रिकामी येणार असेल तर तो एका बाजूचा दर जास्त लावतो. ते चुकीचं नाही, पण परतीची सीट त्याला भरू द्या म्हटलं तर दर कमी होतो. आणि घराच्या दारातून हाताला धरून बसवणं यात धरलं आहे का. काही जण हॉर्न वाजवून गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात. काठीवाल्या माणसाला ते शंभर पावलं चालणंच जड.

एक नाही, दोन रिक्षावाल्यांचे नंबर ठेवा. मोठ्या आकड्यांत, जाड पेनाने लिहून फोनजवळ चिकटवा. आणि ज्येष्ठांना पुढच्या सीटवर, चालकाशेजारी कधीच बसवू देऊ नका. धरायला काही नसतं, वळणावर माणूस बाहेर फेकला जातो.

पायरी_पायरी

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते. गाडी मिळाली, पैसे परवडले, तरी चढता-उतरताना पडलं तर सगळंच संपतं. मांडीच्या हाडाचं खुब्याजवळचं फ्रॅक्चर हे या वयात सगळ्यात वाईट.

चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या सोबत हलते. चढताना काठी सोबतच्या माणसाकडे द्यावी आणि दोन्ही हातांनी दांडी धरावी. एका हातात पिशवी घेऊन एसटी चढायची नाही. पिशवी खांद्याला आडवी लावा म्हणजे हात मोकळे राहतात.

लाल गाडीची पहिली पायरी जमिनीपासून फूट-सव्वा फुटाहून उंच येते, फाट्यावर रस्त्याची कड खचलेली असेल तर आणखी उंच. यावर घरचा उपाय म्हणजे लाकडी पाट. सुताराकडून करून घ्या: दीड फूट लांब, एक फूट रुंद, सहा ते सात इंच उंच. उंची अर्धी झाली की गुडघा बराच कमी वाकवावा लागतो. पाटाचे पाय आतल्या बाजूला घेऊ नका, फळीच्या कडेला लावा, नाहीतर काठावर पाय पडला की पाट उलटतो. खालून चारही पायांना आणि वरून फळीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे खिळ्यांनी ठोका, म्हणजे डांबरावर आणि ओल्या चपलेखाली सरकत नाही. फळीला एका बाजूने भोक पाडून दोन हात लांब दोरी बांधा. माणूस चढला की वरून दोरीने पाट ओढून घेता येतो, कोणाला खाली वाकावं लागत नाही. प्लास्टिकचं स्टूल नेऊ नका. उन्हात ठेवलेल्या स्टुलाचे पाय ठिसूळ होतात आणि वजन एका कडेला पडलं की एक पाय तडकतो.

रिक्षात चढताना आधी पाय आत टाकून, वाकून शिरायची सवय असते. गुडघेदुखीवाल्यांनी उलटं करावं: रिक्षाकडे पाठ करून सीटच्या कडेवर टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. उतरताना दोन्ही पाय आधी बाहेर, जमिनीवर टेकले की मगच उठायचं. डोकं वरच्या पट्टीला लागू नये म्हणून दुसऱ्याने तिथे हात धरावा.

एसटीत मागच्या दोन रांगा नकोत, चाकाच्या मागे असल्याने खड्ड्यात मणक्याला दणका बसतो. ज्येष्ठांसाठी राखीव जागा खिडकीजवळ लिहिलेल्या असतात, त्या मागून घ्यायला संकोच करू नये.

आणखी एक. प्रवासात लघवीला लागू नये म्हणून बरेच जण पाणी पीत नाहीत किंवा लघवीची गोळी त्या दिवशी टाळतात. आपल्याकडच्या मे महिन्यात हे धोक्याचं आहे. गोळीची वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून इन्सुलिन घेऊन एसटीत बसणं तर अजिबात नको. शक्य असेल तर नमुना गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात द्या आणि जळगावला रिपोर्ट घेऊन जा.

जंक्शन_चाळीसगाव

रेल्वेचं थोडं.

ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती परत सुरू झालेली नाही. 'चाळीस टक्के मिळतात' हे जुनं आहे. तरीही जवळच्या अंतराला रेल्वेचं साधं तिकीट अनेकदा एसटीच्या अर्ध्या तिकिटाइतकं किंवा कमी पडतं. चाळीसगाव-धुळे मेमू, सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजर (नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव), भुसावळ-इगतपुरी मेमू या गाड्या ज्येष्ठांना सोयीच्या, कारण डब्यात स्वच्छतागृह असतं आणि पाय मोकळे करता येतात.

अडचण दादऱ्याची, म्हणजे फलाटावरच्या पुलाच्या जिन्याची. छोट्या स्टेशनवर फलाटाची उंचीही कमी असते, मग डब्याची पायरी एसटीपेक्षा अवघड होते. वरचा पाट रेल्वेला वापरू नका, फलाट आणि डबा यांच्या फटीमुळे तो धोक्याचा. मोठ्या स्टेशनवर लिफ्ट कुठल्या टोकाला आहे ते रेल्वेच्या १३९ नंबरवर किंवा चौकशी खिडकीवर आधी विचारा आणि त्या टोकाजवळ येणारा डबा धरा. व्हीलचेअर स्टेशन अधीक्षकाकडे मागता येते, ढकलायला हमालाचे पैसे वेगळे.

मुंबईसाठी आरक्षण करताना खालचा बर्थ. पुरुष ६० वर्षं आणि महिला ४५ वर्षं यावरील प्रवाशांसाठी स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा-सात खालचे बर्थ राखीव असतात. अट अशी की तिकिटावर एकटा किंवा दोघंच असावेत. मुलगा-सून-नातवंडं सगळ्यांचं एकच तिकीट काढलं की तो कोटा लागत नाही. ज्येष्ठ जोडप्याचं तिकीट वेगळं काढा, हे तिकीट काढणाऱ्या पोरांना निक्षून सांगा.

कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्यांची सवलत मात्र चालू आहे: स्लीपर आणि थ्री एसीला रुग्णाला पूर्ण, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र लागतं आणि तिकीट आरक्षण खिडकीवरच मिळतं, मोबाईलवर नाही. प्रमाणपत्राच्या दोन प्रती घ्या, परतीलाही लागते.

भरीत_भाकरी

विजेची छोटी स्कूटर कशी? २५ च्या आतल्या वेगाला आणि २५० वॅटपर्यंत लायसन्सही लागत नाही आणि नंबरही नाही. काकांना गावातल्या गावात चालेल ना?

पायरी_पायरी

कायद्याने चालेल, काकांना चालणार नाही. काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते. समोरचं दिसतं म्हणून माणसाला वाटतं आपण ठीक आहोत, आणि गल्लीतून येणारी सायकल, गुरं दिसतच नाहीत. २० च्या वेगालाही तोल गेला तर खुब्याचं हाड मोडतंच. लायसन्स लागत नाही याचा अर्थ नजर लागत नाही असा नाही. ज्यांनी फक्त कंबरेमुळे किंवा किक मारता येत नाही म्हणून गाडी सोडली, नजर आणि तोल चांगला आहे, त्यांच्यासाठी तीन चाकी प्रकाराचा विचार डॉक्टरांना विचारून करता येईल.

आरटीओ_धुळे

कार घरात उभी आहे म्हणताय, तर तिचंही सांगतो. दोनच मार्ग आहेत: विका, किंवा ड्रायव्हर लावून वापरा. झाकून ठेवणं सगळ्यात महाग. विमा, पीयूसी, बॅटरी, टायर यांचा वर्षाचा खर्च बारा महिन्यांत वाटून बघा. वर हिशेबनीस यांनी काढलेल्या किती फेऱ्या त्यात बसतात ते दिसेल.

विकताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी देऊन टाकली आणि नाव बदललंच नाही, असं फार होतं. आरसीवर नाव आहे तोवर अपघाताची नोटीस जुन्या मालकालाच येते. परिवहनच्या संकेतस्थळावर नाव बदललेलं दिसेपर्यंत पाठ सोडू नका.

ठेवायची असेल तर गावातला ओळखीचा, चालू लायसन्स असलेला मुलगा रोजंदारीवर बोलवा. त्याच्या लायसन्सची मुदत स्वतः बघा. विम्याच्या नूतनीकरणाला पगारी ड्रायव्हरचं जादा कव्हर मागा, त्याचा हप्ता वर्षाला पन्नास रुपये असतो. उलट मालक-चालकाचा अपघात विमा, ज्याच्याकडे चालू लायसन्सच नाही त्याला सक्तीचा नाही. ते एजंटला सांगितलं की हप्ता कमी होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गावात 'डिझेलचे पैसे द्या आणि दोनशे वर द्या' म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेतात. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने वापरली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि जखमी ज्येष्ठाला भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. शेजाऱ्याने शेजारधर्म म्हणून नेलं ते वेगळं. पैसे देऊन न्यायची गाडी पिवळ्या पाटीचीच असावी.

सातपुडा_वारा

नंदुरबारकडचं चित्र वेगळं आहे. नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा हे डेपो एसटीच्या धुळे विभागात येतात, म्हणून तक्रार वा मागणी शेवटी धुळ्याच्या विभाग नियंत्रकांकडे जाते. जिल्हाधिकारी कार्यालयात दिलेला अर्ज फिरून तिथेच पोचतो, वेळ मात्र जातो.

धडगाव भागात पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड पडली की गाड्या बंद किंवा लांबून वळवलेल्या. जून ते सप्टेंबर ज्येष्ठांची जिल्ह्याची तारीख घेताना दोन-तीन दिवस पुढेमागे चालेल का ते आधीच विचारून ठेवा, आणि गोळ्या दहा दिवस जास्तीच्या आणा. या भागात जीप भरून, मागे लटकून जायची रीत आहे. ज्येष्ठांना मधल्या सीटवर, दाराच्या विरुद्ध बाजूला बसवा आणि दोन सीटचे पैसे द्या. तेवढं देऊनही स्पेशल गाडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

सिकलसेलच्या रुग्णांना एसटी मोफत आहे, हे आमच्याकडे अजून अनेक घरांना माहीत नाही. डायलिसिस, हिमोफिलिया आणि एचआयव्हीच्या रुग्णांनाही. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. कोणत्या प्रकारच्या गाडीला चालतं ते डेपोत वाहतूक नियंत्रकाला विचारून मगच निघा.

गिरणाकाठ

इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. दोन प्रश्न. शेजारच्या एका आजोबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, त्यांना १०८ रुग्णवाहिका नेईल का? आणि ७५ च्या आतल्या दिव्यांग ज्येष्ठांसोबत जाणाऱ्याला काही सवलत आहे का?

वॉर्ड_नंबर_सात

१०८ तातडीच्या रुग्णासाठी आहे: छातीत दुखणं, अपघात, पक्षाघात, साप चावणं, श्वास लागणं. ठरलेल्या डायलिसिसला, तपासणीला किंवा घरी परत सोडायला ती येत नाही, आणि तशी बोलावूही नये. ती गाडी त्या वेळी कुणाच्या तरी जिवासाठी लागत असते. १०२ गरोदर माता आणि बाळांसाठी. मात्र डायलिसिसच्या आजोबांना घरी श्वास लागला, छातीत दडपलं, तर रिक्षा शोधत बसू नका, सरळ १०८.

डायलिसिस झाल्यावर रक्तदाब उतरतो, चक्कर येते. म्हणून जाताना एसटी, येताना रिक्षा किंवा दोघांत एक गाडी असा मेळ घाला. सेंटरमध्ये त्याच पाळीला आपल्या रस्त्यावरचा दुसरा रुग्ण असतोच. सिस्टरना विचारा, त्या जुळवून देतात. सरकारी उपजिल्हा रुग्णालयातलं सेंटर जवळ असेल तर तिथे नाव लावून ठेवा.

दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत, आणि दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबतच्या मदतनीसाला अर्धं तिकीट. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र हवं. ७५ वरच्या मोफत प्रवाशाच्या सोबत्याला त्या नात्याने काही मिळत नाही. म्हणून सोबत घरातली बाई गेली तर तिला महिला म्हणून अर्धं लागतं, एवढाच फरक.

फारसं कोणी मागत नाही अशी एक गोष्ट. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दाखल होऊन उपचार झाले, तर पॅकेजमध्येच रुग्णालय ते घर एकदाचं एसटीचं किंवा रेल्वेच्या द्वितीय वर्गाचं भाडं धरलेलं असतं. डिस्चार्जच्या दिवशी आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) टेबलावर ते मागा. रक्कम लहान आहे, पण हक्काची आहे.

काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वरच्यांना एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. उत्पन्नाची अट वर्षाला दोन लाख. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. गावात व्हीलचेअर नसेल तर त्यातून एक सार्वजनिक घ्यायचा ठराव मांडा, ती दवाखान्यात ठेवली की सगळ्यांना पुरते.

हिशेबनीस

वाचलेली फेरी सगळ्यात स्वस्त. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात बँकेत जाऊन द्यायची गरज नाही. जीवन प्रमाण मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, आणि पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत करून देतो. ८० वरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. ७० वरच्या ग्राहकांना घरपोच बँकिंग द्यावं असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितलं आहे, शाखेत लेखी मागा. ८५ वरच्यांना मतदान घरून करता येतं, त्यासाठी १२-डी फॉर्म अधिसूचनेनंतर पाच दिवसांत भरावा लागतो. रिपोर्ट दाखवण्यापुरती फेरी असेल तर ई-संजीवनीवर (ऑनलाइन डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारी सेवा) मोफत होतं का ते आधी बघा, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर लावून देतात.

आणि काहीच सुचत नसेल तेव्हा १४५६७, ज्येष्ठांची हेल्पलाइन. सकाळी आठ ते रात्री आठ.

केळीबाग_रावेर

थांब्याचं राहिलंच. अर्ज कसा करायचा?

लालपरी_१९

आगार व्यवस्थापकांच्या नावे, प्रत विभाग नियंत्रकांना. नुसतं 'थांबा मिळावा' लिहिलं की फाईल बाजूला पडते. यात हे घाला: फाट्याचं नाव आणि मागच्या-पुढच्या मंजूर थांब्यापासूनचं अंतर. कोणत्या गाड्या कोणत्या वेळी जातात आणि त्यातली कोणती थांबावी. सगळ्या मागू नका, सकाळी ओपीडीला जाणारी एक आणि दुपारी परतीची एक एवढंच मागा, ते मंजूर होण्यासारखं असतं. फाट्यावर अवलंबून असलेली गावं, त्यातले ६५ वरचे किती, ७५ वरचे किती (अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंकडे यादी असते). सोबत ग्रामसभेचा ठराव. नुसत्या सह्यांपेक्षा ठरावाला वजन आहे. फाट्यावर गाडी बाजूला घ्यायला जागा आहे हे दाखवणारा एक फोटो, कारण हायवेवर नकार बहुतेक वेळा सुरक्षिततेच्या कारणाने येतो.

एसटीने २०२४ मध्ये 'प्रवासी राजा दिन' सुरू केला, सोमवार आणि शुक्रवारी विभाग नियंत्रक डेपोत बसून प्रवाशांचं ऐकतात. आपल्या डेपोची पाळी कधी आहे ते फोनवर विचारा आणि अर्ज त्या दिवशी हातात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढची चौकशी त्या क्रमांकावरच होते.